१४ ची १७ करायच्या आधी: मोठ्या मॅगव्हीलनं गाडीचं नेमकं काय होतं

गेल्या दिवाळीत मामेभावानं त्याच्या स्विफ्टला १७ ची मॅगव्हील टाकली. गाडी दिसायला एकदम कडक, बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ उभी केली की पोरं वळून बघायची. पावसाळ्यात आम्ही गोव्याला निघालो आणि जांबोटीच्या पुढं पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक दाणकन बसलं, टायरची बाजू फाटली, रिमची कड आत वाकली, आणि स्टेपनी काढून लावायला गेलो तर नटाची स्पेशल चावी घरी, खिळ्याला अडकवलेली! मोबाईलला रेंज नाही, वरनं पाऊस. एका दुधाच्या टेंपोवाल्यानं बेळगावला जाऊन घरी फोन केला, मग कोणीतरी चावी घेऊन आलं. चार तास गेले.

पण मॅगव्हील वाईट असं सांगायला मी हे लिहीत नाहीये, माझ्या स्वतःच्या गाडीला १६ ची आहेत आणि मी खूश आहे. लोक फक्त "किती इंची टाकली?" एवढंच विचारतात आणि तोच चुकीचा प्रश्न आहे. खरे आकडे दोन. टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास किती झाला, आणि रिम नि रस्ता यांच्यामध्ये रबर किती उरलं. बाकी बरंचसं या दोनातनंच येतं. (मॅगव्हील म्हणजे मॅग्नेशियमची, नाव तिथनंच आलंय, पण आता बाजारात मिळतात ती जवळपास सगळी अॅल्युमिनियम मिश्रधातूची. नाव मात्र चिकटलंय.)

पहिलं काम: टायरवरचं वाचा आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर१५ असं काहीतरी छापलेलं असतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. आता हिशोब: १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०, ते वर-खाली दोन्हीकडं म्हणून २४०, आणि १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. एकूण ६२१ मिलिमीटर. झाला व्यास.

स्विफ्टचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडं प्रत्येक गल्लीत एक आहे. २०१८ नंतरच्या मॉडेलला खालच्या व्हेरियंटला १४ ची आणि वरच्याला १५ ची चाकं यायची. त्यात बाहेरच्या बाजारातल्या साइझ मिळवून बघा:

१६५/८० आर१४: व्यास ६२०, भिंत १३२
१८५/६५ आर१५: व्यास ६२१, भिंत १२०
१९५/५५ आर१६: व्यास ६२१, भिंत १०७
२०५/४५ आर१७: व्यास ६१६, भिंत ९२
१९५/६० आर१६: व्यास ६४०, भिंत ११७

पहिल्या तिन्हीत व्यास जवळजवळ तोच आहे, फक्त रिम वाढली तशी भिंत कमी होत गेली. १४ ची १६ केली तरी चाक उंच झालंच नाही! उलट शेवटच्या ओळीत रिम १६ चीच आहे, पण टायर ५५ च्या ऐवजी ६०, आणि व्यास ३ टक्क्यांनी वाढला. म्हणून म्हणतो, नुसतं "सोळाची टाकली" याला काही अर्थ नाही. मूळ व्यासापेक्षा २ टक्क्यांच्या वर-खाली जाऊ नका, तीनला मी थांबतो, पुढं नाहीच.

व्यास वाढला की पिकअपचं काय होतं

चाक उंच झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त लांब जाते, म्हणजे सगळे गिअर थोडे थोडे वरचे झाल्यासारखं होतं. व्यास ५ टक्के वाढवला तर रस्त्यावर मिळणारी ओढ साधारण तेवढीच कमी. सपाट हायवेला, निपाणीकडं जाताना, हे कळणार पण नाही, उलट इंजिन थोडं शांत चालल्यासारखं वाटेल. पण गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढताना, पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, अशा वेळी जिथं तिसऱ्यात गाडी ओढायची तिथं दुसरा टाकायला लागतो. घाट उतरताना उलटा त्रास, इंजिनचा ब्रेक तेवढा कमी लागतो म्हणून पायाचा ब्रेक जास्त वापरावा लागतो.

ब्रेकचंही तेच गणित. ब्रेकची पकड तीच, पण चाकाची त्रिज्या वाढली की जमिनीवर मिळणारा जोर कमी, पेडल जरा जास्त दाबावं लागतं. आणि १७ च्या उघड्या रिममधनं मागचा ड्रम ब्रेक असा दिसतो की टोपलीत लिंबू ठेवलंय, ते वेगळंच.

स्पीडोमीटर पण फसवतो. व्यास ३ टक्के जास्त असेल तर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी त्याच काट्याच्या हिशोबानं ८२ च्या वर असते. कंपन्या मीटर मुळातच थोडा जास्त दाखवणारा ठेवतात म्हणून लगेच दंड होत नाही, पण ती सवलत तुम्ही खाऊन टाकलेली असते.

वजन: इथं लोक लई फेकतात

"चाकाचा एक किलो म्हणजे गाडीचे दहा किलो" असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतो आणि बाकीचे मान हलवतात. खोटं आहे. फिरणारं वजन सगळंच्या सगळं टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला आहे असं धरलं तरी पिकअपसाठी ते दुपटीच्या वर जात नाही, आणि रिम तर त्याच्या आतच असते म्हणजे दुपटीपेक्षा कमीच.

आम्ही मामेभावाची चाकं रविवार पेठेत ओळखीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवली (तो म्हणाला, "गूळ सोडून आता चाकं पण विकालास काय गा?"). जुनं स्टीलचं १४ चं चाक टायरसकट साधारण चौदा किलो, नवीन १७ चं साडेअठरा. म्हणजे एका चाकाला साडेचार, चारांना मिळून अठरा किलो. दुप्पट धरा, छत्तीस. नऊशे किलोच्या गाडीत मागच्या सीटवर पाचवी-सहावीतलं पोरगं बसवल्यासारखं. पिकअप थोडं मंदावतं हे खरं, पण गाडी "मेली" असं जे वाटतं ते बऱ्याचदा व्यास चुकल्यामुळं असतं.

वजनाचा खरा फटका बसतो सस्पेन्शनला. स्प्रिंगच्या वरचं वजन स्प्रिंग सांभाळते, पण चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली, ते रस्त्याबरोबर वर-खाली नाचतं. तिथं साडेचार किलो वाढणं म्हणजे मोठी गोष्ट. जड चाक खड्ड्यात गेलं की लवकर वर येत नाही, हंपवरनं उडालं की लवकर खाली टेकत नाही, शॉकअपला त्याला आवरायला जास्त कष्ट पडतात आणि खडबडीत वळणावर चाक रस्ता सोडतं, म्हणजे पकड वाढवायला टाकलेलं चाक खराब रस्त्यावर पकड घालवतं. लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे), बेअरिंग हे मग लवकर वाजायला लागतात. म्हणून रिम घेताना डिझाइनच्या आधी वजन विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर काटा मागा. हसेल, हसू दे. सगळी मॅगव्हील हलकी असतात हा पण गैरसमजच आहे, स्वस्तातली ओतीव १७ ची रिम मूळ स्टीलच्या १४ पेक्षा जड निघणं अगदी नेहमीचं.

भिंत: आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं हेच

टायरची भिंत ही गाडीची पहिली गादी. १३२ मिलिमीटरची ९२ केली म्हणजे चाळीस मिलिमीटर रबर नि हवा गेली. गुळगुळीत रस्त्यावर याचा फायदाच, वळणावर टायर कमी वाकतो, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, चारपदरी हायवेला लेन बदलताना मजा येते. खोटं कशाला बोलू, हा फरक पहिल्या दिवशीच जाणवतो.

पण आपण राहतो कुठं? खानापूर तालुक्यातले पावसाळ्यातले रस्ते, जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, ऊस हंगामात ओव्हरलोड ट्रॉल्यांनी उखडलेले चिकोडी-हुक्केरीकडचे रस्ते, आणि गावागावात एका रात्रीत उगवलेले हंप, ज्यांना ना पट्टा ना बोर्ड. पातळ भिंतीचा टायर खड्ड्याच्या धारेवर आपटला की रिम नि धार यांच्यामध्ये चिमटतो, आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आला की तो टायर संपला, पंचरवाला काहीही म्हणू दे, बाजूला पॅच नसतो. रिमला तडा गेला तर वेल्डिंग मारून परत रस्त्यावर काढू नका, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कसलंही वेल्डिंग करून मिळतं म्हणून मुद्दाम सांगतोय.

माझं मत सरळ आहे: मूळ १४ असेल तर १५, मूळ १५ असेल तर १६, म्हणजे एकच पायरी. भिंत शंभर मिलिमीटरच्या खाली नको. गाडी फक्त बेळगाव शहर नि हायवे एवढीच चालत असेल तर १७ चा विचार करा, नाहीतर नको.

रुंदीचं थोडक्यात: रुंद टायर कोरड्यात बरा, साचलेल्या पाण्यावर वेगात लवकर तरंगतो. आणि रिमवर साठ हजार घालून टायर कुठल्यातरी नाव न ऐकलेल्या कंपनीचे स्वस्तातले घेणं हा उलटा कारभार, पकड टायर देतो, रिम नाही.

आता बसवायचं कसं: दुकानात जायच्या आधी हे चार आकडे लिहून न्या

पीसीडी. म्हणजे किती बोल्ट आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर. स्विफ्ट, आय२० ला ४ गुणिले १००, ब्रेझा, क्रेटाला ५ गुणिले ११४.३. हे जुळलंच पाहिजे. होल थोडं वाढवून बसवतो म्हणणाऱ्या माणसाकडनं पाय लावून पळा.

मधलं भोक. स्विफ्टच्या हबला (गाडीचा जो गोल भाग रिमच्या मधल्या भोकात बसतो तो) ५४.१ मिलिमीटर लागतं, बाहेरच्या रिमला बऱ्याचदा ते मोठं असतं, एकच रिम सगळ्या गाड्यांना बसावी म्हणून. मग ८० च्या वर गाडी स्टिअरिंगमध्ये थरथरते आणि माणूस तीन-तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतो. ती मधली फट भरायला हब रिंग लागते तिथं. आणि इथं बेळगावकरांचं नशीब चांगलं, तयार रिंग नाही मिळाली तर उद्यमबागेत लेथवाल्याकडं रिम नि हबचं माप घेऊन जा, अॅल्युमिनियमची चार रिंग टर्न करून देतो. माप व्हर्नियरनं घ्या, पट्टीनं नको.

ऑफसेट. रिमवर ईटी म्हणून आकडा असतो, चाक आत-बाहेर किती बसणार ते यावर ठरतं. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ईटी ४५. नवीन सात इंच, ईटी ३८. रुंदीमुळं दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटर वाढलं, ऑफसेटमुळं ७ बाहेर सरकलं, म्हणजे चाक बाहेर २६ नि आत १२ मिलिमीटर जास्त. बाहेर २६ म्हणजे बेअरिंगवर जास्त ताण, स्टिअरिंग खड्ड्यात हातातनं ओढलं जाणार, आणि चिखल थेट दरवाजावर. मूळ ईटीच्या पाच-सात मिलिमीटरच्या आत रहा. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला मध्ये घालतात त्या चकत्या, नकोतच.

लोड इंडेक्स. साइझच्या पुढं ८८ सारखा आकडा असतो. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. गंमत अशी की रिम मोठी नि टायर पातळ केला की हा आकडा बहुतेक वेळा खाली येतो, साधा २०५/४५ आर१७ बऱ्याचदा ८४ चाच असतो. दुकानदार म्हणतो चार टायर मिळून दोन टन होतंय की, गाडी कुठं एवढी जड आहे. हिशोब बरोबर, पण भरल्या गाडीत घाट उतरताना ब्रेक मारला की वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, त्यात खड्डा. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नका. जास्त लोडवाला एक्सएल टायर घेतलात तर त्याला हवा पण जास्त लागते, तेवढ्याच हवेत तो जास्त वजन उचलत नाही.

शिवाय रिमवर जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए असा जपानी चाचणीचा शिक्का, टायरवर आयएसआय, आणि टायर कधीचा ते बघा. टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा. डिस्काउंटमध्ये तीन वर्षं गोडाऊनात पडलेले टायर गळ्यात मारतात.

बसवल्यावर लगेच

नट हातानं धरून लावायला लावा, मग क्रॉसमध्ये टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हवेच्या गननं टर्रर्र करून सोडून देतात ते चालू देऊ नका. बॅलन्सिंग, अलाइनमेंट झाली की दुकानासमोरच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आत कुठं घासतंय का ऐका. मग मागं तीन धट्टीकट्टी माणसं बसवून एक हंप हळू पार करा, रिकाम्या गाडीत न घासणारं चाक भरल्या गाडीत आर्चला, म्हणजे चाकावरच्या कमानीला लागतं. ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत तपासा, नवीन रिमला हे हवंच.

हवा: दरवाजाच्या खांबावरचा आकडा मूळ साइझचा असतो. मी १६ ला त्यापेक्षा २ पीएसआय जास्त ठेवतो, आणि सकाळी गाडी थंड असताना बघतो. पातळ टायरला हवा कमी पडली की रिम गेलीच समजा.

अॅव्हरेज खरंच पडलं का, हे कसं बघायचं

"मॅगव्हील टाकल्यापासनं तीनचा फरक पडला" असं सगळेच म्हणतात, मोजतं कोण? चाकं बदलायच्या आधी एकदा नि नंतर एकदा, एकाच पंपावर टाकी फुल्ल, बेळगाव ते निपाणी जाऊन परत, साधारण तोच वेळ, तेवढीच माणसं, आणि परत त्याच पंपावर फुल्ल. व्यास बदलला असेल तर मीटरचे किलोमीटर तसेच धरू नका. व्यास ३ टक्के वाढलाय आणि मीटर १४० दाखवतोय तर खरे १४४ झालेत. पडलेलं अॅव्हरेज थोडं तरी इथंच परत येतं. खात्री करायची तर फोनच्या जीपीएसनं एकदा अंतर ताडून बघा. उरलेला फरक मग रुंद टायर, वजन नि हवा यांचा. माझा १५ वरनं १६ ला जाताना लिटरला अर्धा किलोमीटरचा फरक आला.

कागदपत्रं

गाडीची पाटी केए-२२ असू दे, केए-२३ असू दे नाहीतर एमएच-०९, कायदा एकच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ खाली मालकाला एका बदलामागं ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळं सगळ्यात सुरक्षित म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी स्वतः देते ती साइझ. आपलं जाणं-येणं तीन राज्यांत, कोगनोळीच्या पुढं एक पोलीस, चोर्ल्याच्या खाली दुसरा, प्रत्येकाला वेगळं समजावत बसायला वेळ कुणाकडं आहे? आर्चच्या बाहेर आलेलं चाक लांबनंच दिसतं. इन्शुरन्सवाल्याला कळवून मॅगव्हील अॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत घालून घ्या, नाहीतर चोरीला गेली तर क्लेममध्ये मूळ चाकांचेच पैसे. सस्पेन्शनच्या वॉरंटीत कंपनी हात वर करू शकते, ते धरून चाला.

जुनी चाकं आणि स्टेपनी

दुकानदार जुना सेट एक्सचेंजमध्ये मागतो, देऊ नका. गाडी विकताना जुनी चाकं लावून द्यायची, मॅगव्हील वेगळी विकायची, आणि पावसाळ्याचे चार महिने वाटलं तर जुनीच वापरायची. मामेभाऊ आता तेच करतो, जूनमध्ये स्टीलची, दसऱ्याला मॅगव्हील.

व्यास जुळवून ठेवल्याचा अजून एक फायदा इथं कळतो. १९५/५५ आर१६ ला मूळ १४ ची स्टेपनी व्यासानं बरोबर जुळते, त्यामुळं खड्ड्यात टायर गेला तरी खानापूरपर्यंत किंवा बेळगावपर्यंत हळूहळू येता येतं. व्यासात फरक असेल तर पुढच्या चाकाला अशी स्टेपनी लावून लांब जाऊ नका, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) आत एकसारखं फिरत राहतं. आणि मॅगव्हीलचे नट स्टीलच्या स्टेपनीला नीट बसतीलच असं नाही, म्हणून जुने चार नट, पाना आणि ती स्पेशल चावी एका डब्यात घालून डिकीत स्टेपनीच्या खोबणीतच ठेवा, घरी खिळ्याला नको.